स्विफ्टच्या स्प्रिंगा घरी बदलल्या: पावसाळा आणि उसाचा हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

आमची २०१२ ची स्विफ्ट मागून बसली होती. मागे तिघं आणि डिकीत ज्वारीचा कट्टा असला की लातूर–अंबाजोगाई रस्त्यावर गतिरोधकाला दणका ठरलेला. रात्री समोरचे डिपर मारायचे, कारण मागचं बूड खाली गेल्यानं आमचे दिवे त्यांच्या डोळ्यांत जायचे. चारही स्प्रिंगा बदलल्या, त्यावर एक पावसाळा आणि उसाचा हंगाम गेला. माझं मत आधीच सांगतो: मागच्या स्प्रिंगा घरी खुशाल बदला. पुढच्यांची काढघाल घरी करा, पण स्प्रिंग दाबायचं काम वर्कशॉपवरच द्या.

मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते, स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर लागत नाही. दोन जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या, गोटी पान्यांचा संच, दांड्याला लावायला लांब पाइप आणि वायर ब्रश एवढ्यावर भागलं. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, ती हवेत असताना त्याचा उपयोग नाही. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. शहाबादी फरशीवर जॅक थेट ठेवू नका, ती तडकते आणि जॅक तिरका होतो. खाली जाड फळी हवीच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर अजिबात जायचं नाही. बीम सोडताना एक डोळा ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवा, तिला ताण बसता कामा नये. स्प्रिंगचं टोक रबरी बैठकीतल्या खाचेला नीट टेकलं पाहिजे. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. हवेत आवळले तर बुश, म्हणजे बोल्टाभोवतीचं रबर, कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पुढचं प्रकरण वेगळं. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते आणि ती कॉम्प्रेसरनं आणखी दाबून धरलेली नसताना वरचा नट सोडला तर सगळं उसळून अंगावर येतं. बाजारात दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर मिळतात. ते घसरू शकतात, मला त्यांचा भरवसा नाही. म्हणून स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट अख्खे शॉकअप, घरी उतरवले, पोत्यात घालून मोटारसायकलवर वर्कशॉपला नेले, तिथे स्प्रिंगा आणि वरचे बेअरिंग बदलून आणले. बेअरिंग त्याच वेळी बदला. ते खराब असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कट्‌कट् वाजतं आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं. स्ट्रट नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडणारे बोल्ट काढण्याआधी खुणा केल्या होत्या, तरी व्हील अलाइनमेंट करून घेतलंच. ते टाळलं तर टायर एका बाजूनं झिजतात.

आता वापराचं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे रस्ता लाटांसारखा होतो. वरून उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. अशा रस्त्यावर भरलेली गाडी आता तळाला जात नाही. नव्या स्प्रिंगांनी गाडी कडक होते असं बरेच जण सांगतात, मला उलट अनुभव आला. स्प्रिंग बसते म्हणजे मुख्यतः तिची उंची कमी होते. मग चाकाला वर यायला जागा उरत नाही, ते सारखं स्टॉपर रबरावर आदळतं, आणि तो दणका आपण कडकपणा समजतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजलं तर मागे सुमारे दोन सेंटिमीटर फरक पडला. पहिल्या काही आठवड्यांत त्यातला थोडा कमी झाला, मग स्थिर राहिला. दिव्यांचा झोत जागेवर आला, डिपर थांबले.

एक गोष्ट मात्र स्प्रिंगांनी सुटली नाही. मोठ्या लाटेवरून गेल्यावर मागचा भाग अजून एक झोका जास्त घेतो. वजन पेलणं स्प्रिंगचं काम, झोका थांबवणं शॉकअपचं, आणि मागचे शॉकअप जुनेच आहेत. बीम खाली असतानाच ते बदलले असते तर वेगळी मेहनत पडली नसती. तुमच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसत असेल तर दोन्ही कामं एकत्रच काढा.