अंग बाहेर येण्यावर सिलिकॉनची रिंग पेसरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

पाळी गेल्यावर अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकू लागले की आपल्याकडे बहुधा 'पिशवी काढून टाका' एवढाच सल्ला मिळतो. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र शस्त्रक्रियेआधी रिंग पेसरी, म्हणजे योनीमार्गात बसवून अंगाला आधार देणारी रिंग, सुचवली आणि उन्हाळ्यापासून मी ती वापरत आहे.

हे दुमडता येणारे, मऊ कडे असते आणि त्याचे मिलिमीटरमधले माप तपासणीतच ठरते. रिंग बसवल्यावर बाईंनी मला खोकायला, उकिडवे बसायला आणि लघवी करून यायला लावले. पहिले माप कुंथताच निसटले, दुसरे टिकले. नीट बसलेली रिंग जाणवतही नाही. ती टोचत असेल किंवा लघवी अडत असेल, तर माप चुकले आहे असे समजावे. त्यामुळे ती अंदाजाने ऑनलाइन मागवणे मला धोक्याचे वाटते.

ओट्याशी तासभर उभे राहिल्यावर ओटीपोटात जी ओढ लागे आणि खाली गोळा उतरल्यासारखे वाटे, ते लगेच थांबले. लघवी करूनही उरल्यासारखे वाटणेही गेले. मात्र शिंकताना थेंब गळू लागले, जे पूर्वी होत नव्हते. खाली आलेल्या अंगामुळे मूत्रनलिका मुडपलेली राहते आणि गळतीचा दोष झाकला जातो; रिंगने अंग वर उचलले की तो उघडा पडतो. ही शक्यता आधीच सांगायला हवी होती, ही माझी तक्रार आहे.

रिंग आधार देते, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना बळकटी देत नाही. त्यासाठी 1948 मध्ये अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी मांडलेला व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकले: वायू रोखताना आवळतो तसे श्वास न कोंडता आवळायचे, मग पूर्ण सैल सोडायचे, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी मध्येच अडवून हा सराव करू नये. काही जणींचे स्नायू मुळातच ताठरलेले असतात, त्यांना आधी सैल सोडणे शिकावे लागते. म्हणून केवळ व्हिडिओ पाहून सुरुवात करू नये. गळती कमी व्हायला सुमारे तीन महिने लागले. बद्धकोष्ठतेवर उपाय केला नसता, तर तेवढाही फरक पडला नसता.

मी रिंग रात्री काढून साध्या साबणाने धुते आणि सकाळी पुन्हा बसवते. काढताना एक पाय स्टुलावर ठेवून कड्यात बोट अडकवले की ती सहज निघते. पांढरा स्राव थोडा वाढला. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम मिळाले. दुर्गंधी आल्यास किंवा रक्त दिसल्यास मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नये. ज्यांना स्वतः रिंग काढता येत नाही आणि ठरलेल्या तपासणीलाही जाणे जमणार नाही, त्यांना मी ती सुचवणार नाही, कारण आत विसरलेली रिंग जखम करते.