कॉम्प्रमाइज : तडजोड की समेट?

धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण मिटलं की आमच्या विदर्भातल्या गावात सरळ ‘कॉम्प्रमाइज झालं’ म्हणतात. मराठीत मात्र शब्द दोन. तडजोडीत देवाणघेवाण आली : तू दोन तास (नांगराच्या ओळी) सोड, मोजणीचे पैसे मी भरतो. बोलचाल बंद राहिली तरी चालतं. समेटात मनं जुळावी लागतात. पोळ्याला एकमेकांच्या घरी बैल जायला हवेत. 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेत समितीपुढे सह्या व्हायच्या, ती तडजोड.

इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ गमतीचं : लवादाचा निवाडा मानू, असं दोघांनी दिलेलं वचन. आपले पंचच की! पुढे त्याला कमीपणाचा अर्थ चिकटला, तसा तडजोडीलाही. ‘तत्त्वांशी तडजोड’ म्हणतो; ‘तत्त्वांशी समेट’ कोणी म्हणत नाही.