पडीक खाजनात पक्षी परत आणायचेत: म्हशी, गायी की ग्रासकटर?

आमच्या गोव्यातल्या तिसवाडीत खाजनातली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल, बरीच शेतं आता पडीक आहेत, आणि दोन-तीन पावसाळे कोणी नांगर घातला नाही की लव्हाळा नि पाणकणीस एवढं माजतं की टिटवीला अंडी घालायला उघडी जागाच राहत नाही. असं शेत ज्यांच्याकडे आहे ते विचारतात, पक्ष्यांसाठी गुरं सोडू की मशीन फिरवू? मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय.

आधी राजस्थानातल्या भरतपूरचं सांगतो. तिथल्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये गुरं चारायला बंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबारात माणसं गेली. आणि म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं पास्पालम गवत असं पसरलं की उघडं पाणीच कमी होत गेलं, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासातून हेच पुढे आलं की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. त्यामुळे गुरं म्हणजे पक्ष्यांना त्रास, हे आधी डोक्यातून काढा.

म्हैस पोटापर्यंत पाण्यात शिरते, जाडंभरडं गवतही खाते आणि लोळून लोळून डबकी करते, त्या डबक्यांच्या काठाला उघडा चिखल तयार होतो आणि शेकाट्या पक्ष्याला तेच हवं असतं. गाय एवढ्या ओल्यात जायला बघत नाही, मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं, कोवळं गवत खाते आणि लव्हाळा तसाच ठेवते, पण मेर आखूड झाली की टिटवी तिथे बसते हेही खरं. गायच घ्यायची तर आपली गोव्याची श्वेतकपिला बघा, अंगाने लहान आणि इथल्या पावसाला सरावलेली. शेळ्या नकोच, ओल्यात त्यांचे खूर सडतात.

ग्रासकटरचा एकच मोठा फायदा, तारीख तुमच्या हातात असते. बाकी सगळं शेत एकसारखं सपाट होतं, कापलेलं गवत उचललं नाही तर पाण्यात कुजतं, आणि शेण नाही म्हणजे शेणावरचे किडे नाहीत, म्हणजे पिल्लांचं तेवढं खाणं कमी. शिवाय दरवर्षी भाडं नि मजुरी.

पण खरी चूक होते ती वेळेत. युरोपातल्या ओल्या कुरणांत उन्हाळाभर गुरं चारतात आणि कुठे कुठे हेक्टरी साधारण एकच जनावर ठेवतात, कारण तिथेही पायाखाली घरटी तुडवली जातात. आकडा घ्या, वेळापत्रक घेऊ नका. आपल्याकडे टिटवी मार्चपासून जमिनीवरच अंडी घालते, ती उबायला जवळपास चार आठवडे लागतात, आणि नेमकं तेव्हाच कापणी झालेल्या शेतांत गुरं मोकळी सोडलेली असतात! गेल्या वर्षी आमच्याच शेतात एका जोडीची चारही अंडी अशी गेली, ती दोघं दिवसभर ओरडत डोक्यावर फिरत होती, मला बघवत नव्हतं. म्हणून पाऊस सरला की ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत गुरं चारा, मार्चला गवत आखूड मिळतं आणि जनावरं बाहेर. पावसाळ्यातही आत नको, पाण्यात पानांवर कमळपक्ष्याचं घरटं असतं.

एक कोपरा मात्र अजिबात चारू नका, जांभळ्या पाणकोंबडीला उंच पाणकणीस लागतं. आणि जनावर दुसऱ्याचं असेल तर मालकाला आधी सांगा की ओल्यातल्या गोगलगायींमुळे लिव्हर फ्लूक (यकृतातले जंत) होऊ शकतो, डॉक्टरांकडून जंताचं औषध द्यावं लागेल. दुसऱ्या जंतांवर आयव्हरमेक्टिन दिलं तर पुढचे काही आठवडे ते जनावर शेताबाहेर ठेवा, औषध शेणातून उतरतं आणि किडे मरतात.

माझ्या मते शेतात गुडघाभर पाणी टिकत असेल तर म्हशीच, डिसेंबरपर्यंत सुकत असेल तर गायी, आणि मार्चपासून जनावरं बाहेर ठेवायला राखणारा मिळतच नसेल तर फेब्रुवारीत ग्रासकटर फिरवा पण गवत त्याच आठवड्यात उचला. आणि शेत कोमुनिदादचं, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचं, असेल तर हे सगळं ठरवायच्या आधी मानशीची (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारं कोण उघडतो-बंद करतो त्याच्याशी बोला, पाणी किती ठेवायचं ते त्याच्या हातात असतं.