गॅरंटीड नॉर्मल डिलिव्हरीचं पॅकेज घेताय? गोव्यातल्या पोरींनो, पैसे भरायच्या आधी हे वाचा

माझी डिलिव्हरी नॉर्मल झाली आणि बाळ मस्त आहे, हे पहिलंच सांगून टाकते, नाहीतर अर्ध्या जणी आधी शेवट वाचायला जातील. पण ज्या बाईला आम्ही ९०,००० रुपये मोजले ती त्या रात्री फोन बंद करून झोपली होती, बाळंतपण झालं ते सरकारी हॉस्पिटलात, फुकटात.

बाईचं नाव घेत नाही, तक्रार चालू आहे. किनारपट्टीकडे भाड्याचा बंगला, आत बाळंतपणासाठी निळे दिवे लावलेला टब, योगा मॅट, उदबत्तीचा वास, आणि स्वतःला मिडवाइफ म्हणवते. पहिल्याच भेटीत तिने सांगितलं की गोव्यात जवळजवळ ४० टक्के बाळंतपणं सिझरने होतात. हा आकडा खोटा नाही हो, २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तसंच आहे, आणि म्हणूनच माणूस गप्प बसून ऐकतो. आकडा खरा, भीती खरी, मग त्याच्या मागून येणारी गॅरंटी पण खरीच वाटायला लागते. बाळ आडवं असलं, वार (प्लॅसेंटा) खाली असली, बीपी फार चढलं तर सिझर करावं लागू शकतं आणि त्यात आईचा काही दोष नसतो, हे त्या बंगल्यात कोणीच बोलत नाही.

पॅकेजमध्ये काय काय होतं तर श्वासाचे क्लास, बॉलवरचे व्यायाम, आहार, टब, कळा सुरू झाल्यापासून ती स्वतः सोबत, आणि एका प्रायव्हेट हॉस्पिटलचा डॉक्टर बॅकअपला. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता ३४ आठवड्यांच्या आत. तो गेला आणि मॅडमचे मेसेज दोन दोन दिवसांनी यायला लागले.

आता ती जे १०० टक्के यश सांगते त्याची गंमत ऐका, हे मला नंतर बाकीच्या बायकांशी बोलून कळलं. नववा लागला की जिचं बीपी वाढलं, साखर वाढली, बाळ उलटं आहे, तिला "तुम्ही आता हाय रिस्क" म्हणून पॅकेजमधून काढायचं, पैसे परत नाहीत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही काढायचं. म्हणजे ग्रुपात उरल्या कोण, तर ज्यांची आपोआप नॉर्मल होणारच होती त्या! त्यांचेच फोटो, त्यांचेच "थँक्यू मॅडम". सिझर झालेली एकही बाई तिथे दिसत नाही कारण ती आधीच बाहेर. मला तर वाटतं ह्या धंद्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट फाइलची. बॅकअप डॉक्टरांना दाखवायला म्हणून तिने माझी ओरिजिनल फाइल ठेवून घेतली, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट सगळं. माझा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह, अशा वेळी २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत परत देतात, नाहीतर पुढच्या बाळाला धोका असतो. मॅडम म्हणे ते केमिकल आहे, कशाला घेता. मी हेल्थ सेंटरला जाऊन घेतलं ते सोडा, पण जी स्वतःला मिडवाइफ म्हणवते तिने असं सांगावं?

कळा रात्री जेवल्यावर सुरू झाल्या. तिला फोन केला तर म्हणाली गरम पाण्याने आंघोळ करा, बॉलवर बसा, हॉस्पिटलला लवकर गेलात तर कापतीलच. पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा तासन्‌तास चालतात हे खरंय, त्यामुळे तोवर ठीक होतं. मध्यरात्रीनंतर पाणमोट फुटली, पाणी हिरवट. फोटो पाठवला, उत्तर आलं "नॅचरल आहे, घाबरू नका, मी निघते." त्यानंतर फोन स्विच ऑफ. आई बाळंतपणाला आलेली, ती पाणी बघून एवढंच म्हणाली, "गो बाय, हे बरं न्हय, ऊठ." नवऱ्याने १०८ ला फोन केला आणि डिचोलीहून थेट म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल.

वाटेत नवरा त्या बॅकअपवाल्या हॉस्पिटलला फोन लावत होता. रिसेप्शनवाला म्हणतो ह्या नावाच्या बाईशी आमचा काही संबंध नाही. फाइल नाही हातात, नशीब पर्समध्ये हेल्थ सेंटरचं मदर कार्ड होतं, त्यावर रक्तगट, अँटी-डीची तारीख, धनुर्वाताची इंजेक्शनं सगळं लिहिलेलं. कार्ड बघून सिस्टरने पटापट कामाला सुरुवात केली.

मॅडमने सरकारी हॉस्पिटलबद्दल जे जे सांगितलं होतं ना, की आडवं झोपवून ठेवतात, आत कोणाला येऊ देत नाहीत, सरळ सिझरला नेतात, त्यातलं माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बाळाने पोटात शी केलीय म्हणून पाणी हिरवं, पण ठोके चांगले आहेत, पट्टा लावून लक्ष ठेवू, ठोके पडले तर सिझर करू. झालं, इतकं सरळ. आई शेवटपर्यंत पाठ चोळत उभी होती. मी ओरडले, सिस्टरला दोन शिव्यापण दिल्या असतील, ती हसली आणि म्हणाली आता जोर लाव. मुलगी झाली, लहान मुलांचे डॉक्टर तिथेच उभे होते, त्यांनी तपासून लगेच माझ्या छातीवर ठेवली. रक्तस्राव होऊ नये म्हणून मांडीत इंजेक्शन, थोडे टाके, बाळ पॉझिटिव्ह म्हणून अँटी-डी. बिल शून्य. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी हॉस्पिटलात नॉर्मल काय, सिझर काय, औषधं, तपासण्या, घरी सोडायची गाडी, सगळं फुकट आहे, हे त्या ९०,००० च्या गप्पांत कधी निघालंच नाही.

मॅडमचा मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी आला, "अभिनंदन ममा!" पैसे परत मागितले तर म्हणे तुम्ही स्वतःहून हॉस्पिटल निवडलंत, प्रोटोकॉल तुम्ही मोडलात. मग ब्लॉक. पावती काढून बघितली तर त्यावर लिहिलंय "ब्रीदवर्क वर्कशॉप". बाळंतपण, मिडवाइफ, हॉस्पिटल, कशाचाच पत्ता नाही. वकिलाने डोक्याला हात लावला, पण मेसेज सगळे ठेवलेले होते आणि त्यात मात्र ती "डिलिव्हरी मी करणार" असं स्वच्छ लिहून बसलीय. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आता ग्राहक आयोगाकडे गेलोय, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही.

चांगल्या डुला, म्हणजे बाळंतपणात नुसती सोबत करणाऱ्या बायका, असतात, माझ्या नणदेला मिळाली होती, ती पाठ चोळायची, धीर द्यायची, तपासणीला हात लावायची नाही आणि डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्यायची. डुलाला आपल्याकडे सरकारी लायसन्स नसतं. पण कोणी स्वतःला मिडवाइफ म्हणवत असेल तर नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर मागा, बॅकअप हॉस्पिटलला स्वतः फोन करा, ओरिजिनल फाइल कोणाकडे ठेवू नका, आणि पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते पैसे द्यायच्या आधी वाचा.

बाईने आता पेजचं नाव बदललंय, फोटो तेच, टब तोच, बुकिंग ४०,००० पासून. "वर्कशॉप" लिहिलेली पावती अजून कोणाकडे असेल तर फाडू नका, आम्हाला ती आयोगात लावायची आहे.