वायफाय सारखं तुटतंय: रिपीटर, मेश की सरळ वायर?

औशाला माझ्या मावसभावाच्या घरी पुढची खोली जुनी, काळ्या दगडाची, भिंत दोन फूट जाड. मागं नवा स्लॅब. राउटर पुढच्या खोलीत आणि पुतणी नीटच्या अभ्यासाला मागच्या खोलीत. लेक्चर ऐन प्रश्नावर अडकायचं. दादा म्हणाला, "रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढं ढकलणारा डबा, आणू का?" मी म्हणालो, "दादा, आधी बत्त्या बघू."

काहीही विकत घ्यायच्या आधी तुम्हीही हेच करा. नेट गेलं त्याच क्षणी फायबरच्या डब्यावरची 'एलओएस' बत्ती लाल झाली, तर दोष बाहेरच्या लाइनीत आहे. फायबर तुटली किंवा कुठंतरी दुमडली. तक्रार नोंदवा, घरात काहीही आणून बसवलं तरी ते थांबणार नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताना डबा क्षणभर विझत असेल, तर तो पुन्हा उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट गेली तर माणसाला वाटतं वायफायच खराब आहे. इथं हवा मिनी यूपीएस, दीड-दोन हजारांचा. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर जोडा.

राउटरजवळ नीट चालतं आणि मागच्या खोलीतच तुटतं, तेव्हा कुठं रेंजचा प्रश्न. तिथंही आधी फुकटचा उपाय करून बघा. बहुतेक राउटर दोन लहरींवर वायफाय देतात. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढं लवकर दमतं, 2.4 हळू, पण लांब जातं. दोन्हींना एकच नाव असलं की फोन इकडून तिकडं उड्या मारतो आणि त्या उडीत नेट तुटतं. नावं वेगळी करा, मागच्या खोलीतला फोन 2.4 वर ठेवा. शेजारीपाजारी बरेच राउटर असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 चा चॅनेल, म्हणजे लहरीतली वाट, 1, 6, 11 यांतला कमी गर्दीचा निवडा.

एवढ्यानं भागलं नाही, तर मग खरेदी.

रिपीटर सगळ्यांत स्वस्त, दीड हजाराच्या आसपास, आणि प्लगात खोचून राउटरशी जोडला की काम झालं. पण साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढं बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. लोक तो जिथं रेंज नाही तिथंच लावतात. त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तर तो पुढं काय देणार? लावायचा तर दोन खोल्यांच्या मध्ये. लातूरला भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्या पोरांना हाच बरा, कारण घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही.

मेश म्हणजे दोन-तीन डबे, नाव एकच, फिरताना फोन आपोआप जवळच्या डब्याकडं जातो. किंमत सहा-सात हजारांपासून पुढं. दोन मजली स्लॅबच्या घराला मस्त. पण दगडी भिंतीआड दोन डब्यांना एकमेकांचं नीट ऐकू येत नसेल तर तिथंही तीच रड, फक्त महागातली.

वायर ओढा, असं माझं स्पष्ट मत. कॅट 6, म्हणजे नेटची तांब्याची केबल, 100 मीटरपर्यंत चालते आणि भिंत किती जाड याच्याशी तिला देणंघेणं नाही. मागच्या टोकाला कपाटात पडलेला जुना राउटर लावा. सेटिंगमध्ये जाऊन त्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदला, म्हणजे पहिला 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्या. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, बंद करा, ते पहिलाच राउटर करेल. केबल दोन्हीकडं लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, भोकात. दुसऱ्या राउटरच्या वॅनमध्ये, म्हणजे बाहेरची लाइन घ्यायच्या भोकात, नको. चॅनेल पहिल्यापेक्षा वेगळा ठेवा.

केबल घराबाहेरून जाणार असेल तर बाहेरचीच घ्या. आपल्याकडच्या उन्हात साध्या केबलची साल तडकते. आणि माळवदावरून उघडी नेऊ नका. मृगात विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या तारेतून झटका आला तर दोन्ही डबे जळू शकतात. भिंतीच्या कडेनं, पत्र्याखालून न्या.

औशाला भोक पाडावंच लागलं नाही. जुन्या झरोक्यातून 18 मीटर केबल गेली आणि पुतणीनं स्वतः दोन्ही टोकांच्या क्लिपा टकटक बसवल्या.