श्टुटगार्ट की लाइपझिग? घरात लहान मूल असेल तर

पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टची वाट आता मळलेली आहे. गाड्यांचा धंदा दोन्हीकडे, मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि तिथे उतरल्यावर आठवडाभरात कुणीतरी मराठी माणूस भेटतोच. त्यामुळे हातात दोन ऑफर असल्या, एक तिथली आणि एक लाइपझिगची, तर बहुतेक जण फार विचार न करता पहिली घेतात. मीही घेतली होती. चार वर्षं त्या भागात काढली, आता सहा वर्षं लाइपझिगला आहोत.

पगाराचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात पश्चिम जर्मनी, म्हणजे श्टुटगार्टची बाजू, पुढेच आहे. मेटल उद्योगात तिकडे १९९५ पासून आठवडा ३५ तासांचा. पूर्वेकडे, म्हणजे लाइपझिगच्या बाजूला, तो ३८ वर राहिला आणि कमी करून घ्यायला २००३ मध्ये झालेला संप फसला. इकडे येताना माझा पगार कमी झाला. घरभाड्यात त्यातलं बरंचसं वसूल झालं, सगळं नाही.

आम्हाला तिथून काय हलवलं? किटाची, म्हणजे तिथल्या पाळणाघराची वेळ.

पहिल्या वाढदिवसापासून मुलाला पाळणाघराची जागा मिळणं हा जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे. आमच्या मुलीला ती मिळेपर्यंत ती सव्वादोन वर्षांची झाली होती. मिळाली ती 'वाढीव वेळे'च्या गटात. आम्हाला नाव वाचून हायसं वाटलं. वाढीव म्हणजे सकाळी साडेसात ते दुपारी दीड, हे करारावर सही करताना कळलं. बायको पुण्यात अठरा जणांची टीम सांभाळायची. इथे नोकरी लागल्यावर ती एक वाजता लॅपटॉप मिटून ट्रेन पकडायची. एक पस्तीसला पोचली, तर खुंट्यांच्या रांगेत आमच्या मुलीचं पिवळं जॅकेट तेवढं लटकलेलं असायचं आणि बाई दारात उभ्या असायच्या. बोलायच्या काही नाहीत. त्यातच महिन्यातून दोन-तीनदा फोन, माणसं कमी आहेत, आज बारालाच न्या. आठ तासांची नोकरी पाचांवर आली, मग चारांवर, मग तिने सोडली. शेजारच्या आजी मनाने चांगल्या, पण बायकोला पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "मग बाळाकडे कोण बघणार?"

हा काही त्या एका किटाचा दोष नव्हता. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायद्यातच लिहिलेलं होतं की बायकोने घरची कर्तव्यं सांभाळून जमलं तरच नोकरी करावी. शाळा दुपारी सुटणार, घरी कुणीतरी असणारच, हे धरूनच सगळं बांधलं गेलं. पूर्वेकडे १९८९ मध्ये दहातल्या नऊ बायका कामावर किंवा शिक्षणात होत्या. तिथल्या सरकारला कामाला माणसं हवी होती म्हणून तशी सोय केली होती, त्यात उदारपणा शोधायला नको. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तिथले कारखाने पटापट बंद पडले, तरुण मुली पश्चिमेला गेल्या, आणि १९९४ मध्ये पूर्वेतला जन्मदर बाईमागे ०.७७ मुलांवर घसरला. किटा ओस पडून बंद झाल्या. पण मूल लवकर किटात घालायचं आणि आईने कामावर जायचं ही सवय मोडली नाही. आजही तीन वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं पूर्वेकडे पाळणाघरात जातात, पश्चिमेत साधारण एक तृतीयांश. पूर्वेने पश्चिमेचं सगळं उचललं असं आपण ऐकत आलो; मुलांच्या बाबतीत मात्र पश्चिमच हळूहळू पूर्वेच्या वाटेने चाललीय. २०१३ चा हक्क आला, आता ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा हक्क ठरलाय.

लाइपझिगला आमच्या मजल्यावरच्या बाई सत्तरीच्या, सूतगिरणीत काम केलेल्या. १९९१ मध्ये गिरणी बंद झाली, मग त्यांनी नव्याने शिकून हिशेबनीसाचं काम धरलं. बायकोला नोकरी लागली हे जिन्यात सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुठल्या पाळीला?" त्या रात्री बायको हेच वाक्य दोनदा बोलून दाखवत होती. किटा सकाळी सहाला उघडते, संध्याकाळी पाचला बंद होते. बायको आता पूर्ण वेळ काम करते.

इथे सगळंच गोड आहे असं नाही. लाइपझिगच्या साक्सन राज्यात किटातल्या एका शिक्षिकेमागे मुलं जास्त असतात, श्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये कमी. तिकडे मुलीकडे वैयक्तिक लक्ष जास्त होतं, हे मान्य करायलाच हवं. आणि राजकारण. २०२४ च्या राज्य निवडणुकीत एएफडी या परदेशी स्थलांतराला विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या पक्षाला इथे ३०.६ टक्के मतं पडली. शहरात आम्हाला त्रास झालेला नाही, पण आसपासच्या छोट्या गावांहून अंधार पडायच्या आत परतायचं हा आमचा नियम आहे, आणि असा नियम असणं मला टोचतं. ज्यांना याची जास्त काळजी वाटते त्यांनी पश्चिम निवडली तर मी वाद घालणार नाही. श्टुटगार्टला इटलीहून १९५५ च्या आणि तुर्कस्तानहून १९६१ च्या करारानंतर माणसं येत राहिली. परक्या चेहऱ्याची सवय तिथे जुनी आहे. गणपतीला तिथे मंडळी जमतात, इथे आम्ही मोजकी घरं. कोथिंबीर मात्र इथेही ताजी मिळते, व्हिएतनामी दुकानांत. जुन्या पूर्व जर्मनीने कामगार म्हणून आणलेल्या लोकांपैकी जे राहिले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे अशी दुकानं टाकली.

रविवारी आम्ही कोस्पुडेनर तलावावर जातो. तिथे आधी कोळशाची उघडी खाण होती, २००० पासून लोक पोहतात. मुलगी तिथेच पोहायला शिकली.

दोघांपैकी एकच नोकरी करणार असेल, किंवा मुलं मोठी असतील, तर श्टुटगार्टला काही तोटा नाही, पैसा तिथेच जास्त. दोघांना काम करायचं असेल आणि मूल तीनच्या आतलं असेल, तर मी तरी लाइपझिगच म्हणेन. निदान सही करण्याआधी घराजवळच्या किटाला फोन लावून विचारा, तुमच्याकडचं शेवटचं मूल किती वाजता घरी जातं.