अकरा जण, दोन गट, दहा महिने: व्हॉट्सअ‍ॅपवर सुखदुःख बोलण्याचा अनुभव

अकरा मित्रमैत्रिणी, चार गावं, त्यातले दोघे परदेशात. रोजचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. दहा महिने नियमित वापरल्यानंतर हे लिहितो आहोत. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आनंद वाटायला व्हॉट्सअ‍ॅप आहे तसं वापरलं तरी चालतं, दुःख बोलायला मात्र ते आधी नीट लावून घ्यावं लागतं. तंबोरा लावल्याशिवाय गायला बसलं की जे होतं, तेच इथेही होतं.

पहिला बदल म्हणजे एका गटाचे दोन गट. सगळं एकाच गटात चाललेलं असतं तेव्हा काय होतं, तर सकाळी बारशाचे चाळीस फोटो येतात. दुपारी दुसरीच कुणी लिहिते की या वेळीही गर्भ राहिला नाही. संध्याकाळी कामावरून सुटलेला तिसरा सकाळचे फोटो बघून "अभिनंदन!!" लिहितो आणि ते नेमकं त्या निरोपाखाली जाऊन बसतं. कुणाच्याही मनात वाईट नसतं, पण वाचणारीला ते लागतं. म्हणून एक गट कट्ट्याचा: फोटो, पोळी फुगली, पोराला सायकल यायला लागली, पगार वाढला, सगळं तिथे. दुसरा मनातलं बोलायचा. या दुसऱ्या गटाला "मनमोकळं" किंवा "आधार" असलं नाव देऊ नका. आमच्याकडे त्याचं नाव "भाजीची यादी" आहे. फोन टेबलावर पडलेला असतो, स्क्रीनवर गटाचं नाव झळकतं, शेजारी सासूबाई किंवा ऑफिसातलं कुणीतरी बसलेलं असतं. नावावरून काहीही कळता कामा नये.

व्हॉट्सअ‍ॅपची "कम्युनिटी" ही सोय २०२२ पासून आहे. अनेक गट एका छत्राखाली आणायला ती सोसायटीला किंवा शाळेला उपयोगी आहे. दहा-बारा मित्रांना तिची गरज नाही. घोषणांचा एक जादा गट आपोआप तयार होतो, तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात, आणि मित्रांत घोषणा कसल्या करायच्या? दोन साधे गट पुरतात.

आता दुसऱ्या गटाची मांडणी. गटाच्या नावावर टॅप केलं की सेटिंग उघडतात. सगळ्यात आधी डिसअपिअरिंग मेसेजेस, म्हणजे ठराविक मुदतीनंतर मेसेज आपोआप पुसले जाणं. २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस असे तीन पर्याय आहेत. २४ तास नकोच. प्रवासात असलेल्याने गट उघडायच्या आत मेसेज गेलेला असतो. ७ दिवस ऐकायला बरे वाटतात, पण आठवड्यानंतर "अगं, अँजिओप्लास्टी कधी आहे म्हणालीस?" असं विचारायची वेळ येते आणि तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. ज्याने एकदा जीव गोळा करून लिहिलं, त्याच्यावर ते दुसऱ्यांदा लिहायची पाळी आणू नये. ९० दिवस बरोबर बसतात. एखादा मेसेज राहायला हवा असेल तर तो दाबून धरून "कीप" करता येतो. लिहिणाऱ्याला ते नको असेल तर तो ते रद्द करू शकतो, आणि मग दुसऱ्या कुणालाही ठेवता येत नाही. हा अधिकार लिहिणाऱ्याकडे ठेवला आहे, हे आम्हाला फार आवडलं.

या सोयीच्या मर्यादा मात्र सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मुदत लावण्यापूर्वीचे मेसेज तसेच राहतात. मेसेज दुसऱ्या गटात फॉरवर्ड केला आणि तिथे मुदत नसेल, तर तो तिथे राहतो. कुणी स्क्रीनशॉट काढला तर काढला. आणि ऑटो-डाउनलोड चालू असेल तर फोटो गटातून जातो, फोनमधून जात नाही. म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो गॅलरीत राहतो, आणि गणपतीचे फोटो टीव्हीवर दाखवताना मध्येच सगळ्यांसमोर येतो. अँड्रॉइडवर गटाच्या माहितीत "मीडिया व्हिजिबिलिटी" असते, ती "नो" करा. हे प्रत्येकाने आपापल्या फोनवर करायचं असतं, अ‍ॅडमिनने केलं म्हणून सगळ्यांचं होत नाही. याच गोष्टीत सगळ्यात जास्त घोळ होतो. २०२५ मध्ये आलेलं "अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी" चालू केलं तर चॅट एक्सपोर्ट होत नाही, म्हणजे गटातलं बोलणं फाइल करून बाहेर नेता येत नाही, आणि मीडियाचं ऑटो-डाउनलोडही थांबतं, त्यामुळे ते चालू ठेवाच.

"ग्रुप परमिशन्स"मध्ये सेटिंग बदलायची मुभा फक्त अ‍ॅडमिनना ठेवा, नाहीतर चुकून कुणाचं बोट लागून मुदत बंद होते. त्याची किंमत एवढीच की पिन करणं, म्हणजे मेसेज गटाच्या वर टाचून ठेवणं, आणि कीप करणंही अ‍ॅडमिनकडे जातं. म्हणून अ‍ॅडमिन दोन तरी असावेत, शक्यतो वेगवेगळ्या घरातले. नवरा-बायको दोघे एकाच गटात असतील आणि अ‍ॅडमिनही तेच असतील, तर संसारातली कुरबुर कुणी लिहीत नाही.

उरलेलं प्रत्येकाच्या फोनवर. "चॅट लॉक" लावलं की गट वेगळ्या कप्प्यात जातो आणि नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसत नाही. "लिंक्ड डिव्हायसेस" दर महिन्याला तपासा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप हे सगळ्यात मोठं भोक आहे. फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, पण फोन तर आपण रोजच वापरतो. आणि बॅकअप: गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा सोडून कुणालाही न वाचता येणाऱ्या असल्या तरी क्लाउडवरच्या बॅकअपसाठी ते कुलूप वेगळं चालू करावं लागतं. पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला. वहीत लिहून कपाटात ठेवा.

इतकं करूनही गट चालेल याची खात्री नाही, कारण खरी अडचण फोनमध्ये नसून माणसांत असते. सांगतो कशी. रात्री पावणेअकराला कुणीतरी लिहितं, "आज नोकरी गेली. घरी अजून सांगितलं नाही." मेसेज दाबून धरून "इन्फो" उघडलं की वाचलेल्यांची नावं वेळेसकट दिसतात. १०.५१, १०.५२, १०.५८, ११.०४. नऊ नावं. गटात मात्र त्या मेसेजखाली काहीच नाही. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला नीट शब्द सुचत नाहीत, तो दुसरा जवळचा आहे, तो लिहील. लिहिणारा मात्र ती नऊ नावं बघत बसलेला असतो. निळी खूण बंद करायची सोय वैयक्तिक चॅटपुरती आहे, गटात ती लागू होत नाही, म्हणून हे झाकताही येत नाही.

या गप्प बसण्याचा अभ्यास झालेला आहे. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्याला आपण एकटेच आहोत असं वाटत होतं तेव्हा शंभरात ८५ जण फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात १०२४ माणसं बसतात, म्हणून बसवायची नसतात. बारा-पंधराच्या पुढे गेलात की मनातलं लिहिणं आपोआप आटतं.

यावर एकच नियम चालला: जो पहिला वाचेल त्याने एक ओळ लिहायचीच. "वाचलं. आत्ता गाडीत आहे, साडेअकराला फोन करतो." शहाणपण नको, शब्द सुंदर नकोत. नुसतं हात जोडल्याचं चिन्ह टाकू नये. मराठीत त्याचा अर्थ नमस्कारही होतो, आभारही होतो आणि श्रद्धांजलीही होते.

दुसरा नियम लिहिणाऱ्यासाठी. मेसेजच्या सुरुवातीला तीनपैकी एक शब्द: "ऐका", "सल्ला" किंवा "फोन". "ऐका" म्हणजे फक्त ऐकायचं, उपाय सुचवायचे नाहीत. "सल्ला" म्हणजे खरंच मार्ग हवा आहे. "फोन" म्हणजे आज कुणीतरी बोला. या तीन शब्दांनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही सेटिंगने पडला नाही. आपल्याकडे दुःख ऐकलं की लगेच तोडगा द्यायची सवय हाडीमाशी आहे: अमुक डॉक्टरांना दाखव, तमुक काढा घे, सोमवारचा उपास धर. "ऐका" लिहिलेलं असलं की बोट थांबतं. त्या मेसेजला उत्तर काय द्यायचं? जे सांगितलं तेच थोडक्यात परत म्हणायचं आणि एक साधा प्रश्न विचारायचा. "म्हणजे आठवडाभर तू एकटाच हे घेऊन फिरतोयस. जेवलास का?" "सगळं ठीक होईल", "देव परीक्षा बघतो" आणि "माझ्या आत्याचं तर याहून वाईट झालं होतं" ही तिन्ही वाक्यं आम्ही मनाई करून बंद केली. औषधोपचाराचं फॉरवर्डही बंद. चुकीचं लिहिलं गेलं तर १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. रात्री उशिरा लिहिणाऱ्याला सकाळी ते नकोसं वाटतं तेव्हा ही मुदत उपयोगी पडते. पुसलेल्या मेसेजबद्दल विचारू नये.

व्हॉइस नोटचं म्हणाल तर टायपिंगपेक्षा ती बरी, मराठीत तर नक्कीच. रोमन लिपीत लिहिलेलं दुःख अर्धं कळतं. पण दोन मिनिटांच्या आत, आणि आधी एक ओळ लिहून: "बाबांबद्दल, ऐका, घाई नाही." नाहीतर ऐकणारा लोकलमध्ये इअरफोनशिवाय ती उघडतो. दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे, कट्ट्यावर ती खुशाल वापरा. इथे नको. हुंदका दुप्पट वेगात हुंदका राहत नाही.

आनंदाच्या गटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, एक सोडून. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या २००४ मधल्या संशोधनात असं दिसलं की चांगली बातमी सांगितल्याचा फायदा ऐकणारा कसा प्रतिसाद देतो त्यावर अवलंबून असतो. नुसता अंगठा दाखवला की बातमी तिथेच संपते. "लायसन्स मिळालं" याला "छान" म्हणण्याऐवजी "आठ काढताना पाय टेकला का?" असं विचारलं की सांगणारी दहा मिनिटं खुलते. रिअ‍ॅक्शन आल्यापासून लोक शब्द लिहायला आळसावले आहेत. किमान एकाने तरी प्रश्न विचारावा.

महिन्यातून एकदा रविवारी रात्री ९ ला व्हिडिओ कॉल. व्हॉट्सअ‍ॅपवर ३२ जण बसतात. तेव्हा दुबईत साडेसात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं बदलतात, त्या महिन्यांत हमखास कुणीतरी तासभर चुकतं. गटात "इव्हेंट" बनवला की हा प्रश्न सुटतो.

एक गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाही, ती आम्ही फोनच्या कॅलेंडरने भागवली. घरात कुणी गेलं की तेरा दिवस माणसांची रीघ असते. चौदाव्या दिवशी पाहुणे परततात, जादा आणलेली भांडी परत जातात आणि घरातलं माणूस एकटं पडतं. गटातही पहिल्या दिवशी साठ मेसेज असतात, विसाव्या दिवशी एकही नसतो. म्हणून ज्याच्यावर दुःख आलं त्याच्या नव्हे, दुसऱ्याच एकाच्या फोनमध्ये तीन तारखा टाकायच्या: पंधरावा दिवस, चाळिसावा दिवस आणि ९० दिवसांची मुदत संपायच्या आधीचा आठवडा. शेवटची तारीख अशासाठी की तोवरचं बोलणं अजून गटात असतं, वर सरकवून वाचता येतं आणि मग नीट काहीतरी विचारता येतं. नोकरी, घटस्फोट, ऑपरेशन, सगळ्यांना हेच वेळापत्रक लागू.

गट जिथे अपुरा पडतो ती जागाही स्पष्ट असावी. "आता जगावंसं वाटत नाही" या अर्थाचं काहीही आलं तर गटात चर्चा करायची नाही. एकाने लगेच फोन लावायचा आणि बोलत राहायचं, जो जवळ राहतो त्याने निघायचं, तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२. हे दोन्ही क्रमांक, प्रत्येकाचा पत्ता आणि घरातल्या एका माणसाचा नंबर गटाच्या डिस्क्रिप्शनमध्ये ठेवा. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, डिस्क्रिप्शन राहतं.

दुसरे पर्यायही आहेत. सिग्नलवर मुदत हवी तशी ठरवता येते, पण चार आठवड्यांपर्यंतच, आणि सगळ्यांना नवीन अ‍ॅप घ्यायला लावावं लागतं. टेलिग्रामचे गट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, त्यामुळे या कामाला ते नको.

कधीतरी कुणी गट सोडतं. आता ते सगळ्यांना जाहीर होत नाही, फक्त अ‍ॅडमिनना कळतं, आणि गेलेल्यांची नावं ६० दिवस गटाच्या माहितीत दिसतात. गटात "अमुक का गेला?" असं विचारू नका. अ‍ॅडमिनने त्याच दिवशी वैयक्तिक एकच ओळ पाठवावी: "दिसलं. कारण विचारत नाही. शनिवारी चहाला येतो, चालेल का?"